उतरा, मिस्तरी

आज सकाळी अकरा वाजता रिकाम्या गाडीतून कोणीतरी उतरलं.

मी दारू पीत नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मोजपट्टीवर आहे.

शेषराव मिस्तरींना जाऊन आज वर्ष झालं. नव्वदी कधीच ओलांडली होती.

मी दहावी नापास. गाड्यांचं सस्पेन्शन स्वतः शिकलो, मोडून-जोडून. पण पिंपळगाव राजाला त्यांच्याच शेडमध्ये, त्यांच्या शिव्या खात.

मिस्तरींची एक खोड होती. कुठलीही गाडी मोजण्याआधी रिकाम्या सीटवर थाप मारायची.
"उतर बे नामा."

आम्ही हसायचो. एकदा विचारलंच, "काऊन हो मिस्तरी, हा नामा कोन?"

"माहा लहाना भाऊ."

सी.पी. अँड बेरारचा, स्वातंत्र्याच्या आसपासचा जमाना. शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत पळवायच्या छकड्याला त्यांनी स्प्रिंग म्हणून भंगारातल्या मोटारीचे कमानपाटे बसवले होते. पंचक्रोशीत पहिले. हाकणारा नामा.

"माप रिकाम्या छकड्याचं घेतलं बे. नामाले बसवून पाह्यलंच नाही. चाक दगडावर चढलं. पाट्यानं असा फेकला त्याले, का उठलाच नाही."

तंबाखूचा बार दाढेत धरला. मग म्हणाले,
"तवापासून रिकामी गाडी मले रिकामी भेटली नाही. हाकणाऱ्याच्या अंगानं दोन सूत खालीच."

उद्या माझी वैशू कॉलेजची रेसकार पळवणार आहे. सस्पेन्शनचं डिझाइन माझं. एकेक बुश माझ्या हातचा.

आज गाडीच्या उंचीचं शेवटचं माप घेतलं.
ड्रायव्हरच्या बाजूने दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली. गाडीत कोणी नाही.

टायरची हवा तपासली. फरशीची लेव्हल पाण्याच्या नळीने काढली. स्प्रिंगा अदलाबदल केल्या.
तीच बाजू. तेच दोन सूत.

"बाबा, चालते न तेवढं!"

"नाही चालत." खोट्या मापावर पोरीला बसवणार नव्हतो.

तिला बाहेर पाठवलं. सीटवर थाप मारली. नामाचं नाव ओठांवर आलं होतं.
पण सीटला मिस्तरींच्या तंबाखूचा वास होता.

"उतरा, मिस्तरी."

स्प्रिंग कुईं करून वाजली. गाडी वर आली.
मोजलं. बरोब्बर दोन सूत.

मग वैशूला बसवलं. तिच्या वजनासकट माप घेतलं, नट आवळले.

मिस्तरी, तुमच्या शिव्यांसकट तुम्हाला नमस्कार.

माप झालंय. आता उद्या तिच्यासंगं बसा.
ड्रायव्हरच्या बाजूला उंचीत दोन सूत जास्त ठेवलेत.
तुमचे.