पिवळ्या तापाची सुई

नागपुरात राहणाऱ्या माणसाला जंगलातलं सगळं कळतं, असा एक समज आहे, आणि तो बाळगणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे. इथे लग्नात भेटलेला पाहुणासुद्धा मुलाबाळांची चौकशी करायच्या आधी ‘वाघ दिसला काय’ विचारतो. पहाटे जंगलाच्या गेटवर उभं राहायचं, ओळखीच्या जिप्सीवाल्याला हाक मारायची, राहिलेला कागद तिथल्या तिथे भरून टाकायचा. माझ्या आजवरच्या सगळ्या सफारी अशाच पार पडल्या. म्हणून आफ्रिकेचं ठरलं, तेव्हा घरात दुसऱ्या कोणाला मी त्यात हातच लावू दिला नाही.

आफ्रिका बायकोची होती. ती शाळेत भूगोल शिकवायची. तिथली खचदरी, दरीतली सरोवरं आणि त्यातल्या एका सरोवरावर उतरणारे हजारो गुलाबी पक्षी, हा धडा तिने दरवर्षी शिकवला आणि दरवर्षी फळ्यावर गुलाबी खडूने ते पक्षी काढले. स्वतः मात्र तिने अंबाझरीपलीकडे मोठं तळं पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर तिने एकच गोष्ट मागितली: केनियातलं ते सरोवर. त्याच्या काठाने एक छोटं राष्ट्रीय उद्यान आहे, एका दिवसात गाडीने फिरून होईल एवढं. मी नकाशा पाहून म्हटलं, एवढ्या दूर जायचं तर मोठं जंगल तरी पाहू. ती म्हणाली, “मले तळं पाहाचं आहे. जंगल तुम्ही पाहा बाजूनं.” आफ्रिकेत वाघ नसतो, हेही मी तिला समजावून सांगितलं. भूगोलाच्या बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

माझ्या नोकरीची शेवटची वर्षं मौद्याच्या वीज केंद्रात गेली. तिथे वर्षातून एकदा बॉयलर बंद ठेवून दुरुस्ती चालायची. कोणत्या तासाला कोणता नट उघडायचा, याचा भिंतभर तक्ता मी बनवायचो. तसाच तक्ता मी मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलासमोर लावला. तिकिटं, परवानगी, राहण्याचा तंबू, दुर्बीण, खाकी टोप्या तीन. डोकी दोन, पण एक राखीव. शेवटून दुसरी ओळ होती: ‘सुई, दोघांना.’ ती मी निघायच्या आदल्या संध्याकाळी ठेवली होती, आमच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे. धनुर्वाताची असते तशीच असेल, असं मी धरून चाललो होतो.

एका मंगळवारी दुपारी तिकीटवाल्याचा फोन आला. त्याने सहज विचारलं, “काका, पिवळं कार्ड झालं ना?”

मी म्हटलं, “केव्हाच.”

फोन ठेवला आणि पिवळं कार्ड म्हणजे काय ते शोधायला बसलो. पिवळ्या तापाची लस घेतल्याचा तो दाखला. तो नसेल तर विमानात बसू देत नाहीत, आणि कसंबसं जाऊन आलंच, तर परतल्यावर सहा दिवस वेगळं ठेवतात. लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, फक्त ठरलेल्या सरकारी केंद्रात. फोन करून विचारलं. आठवड्यातून एकदा, बुधवारी. आणि सुई टोचल्यावर दहा दिवस उलटल्याशिवाय दाखला लागू होत नाही. आमचं विमान पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी. मी बोटांवर मोजलं, कॅलेंडरवर मोजलं, पुन्हा बोटांवर मोजलं. उद्याच्या बुधवारपासून बरोबर दहा. हा बुधवार गेला की तळं गेलं.

बायकोला सांगितलं, की उद्याचं आधीपासूनच ठरलेलं आहे, फक्त तक्त्यावर लिहायचं राहिलं. तिने तक्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पासपोर्ट काढायला आत गेली.

बुधवारी नऊलाच पोचलो. बाकांवर माणसं माना खाली घालून बसली होती. सिस्टरने सांगितलं, एका कुपीत दहा जणांची लस असते, फोडली की तासाभरात संपवावी लागते, म्हणून दहा नावं झाल्याशिवाय ती फोडत नाही. आमच्या आधी आठ नावं होती. आमची लिहिली तसा सगळा बाक हलका झाला. घानात क्रेन चालवायला निघालेल्या एका माणसाने चक्क माझा हात हातात घेतला. तुम्ही आले म्हणून झालं साहेब, म्हणाला. मी मान डोलावली, जणू हेही मीच आखलं होतं.

बायको झेरॉक्सच्या रांगेत गेली आणि मी दोघांचे फॉर्म भरायला घेतले. आमच्या घरी फॉर्म मीच भरतो. नाव, पत्ता, प्रवासाची तारीख, सध्याची औषधं. मग तो रकाना आला. अंड्याची ॲलर्जी आहे का?

लग्नाच्या पहिल्या वर्षी माझ्या मित्राकडे जेवायला गेलो होतो. अंडाकरी होती. दोन घास खाल्ल्यावर तिचे ओठ सुजले, मग डोळे, मग श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. लुनावर मागे तिला घट्ट धरायला मित्राला बसवलं आणि तिघं दवाखान्यात गेलो. तो आवाज माझ्या पाठीमागे पूर्ण रस्ता येत होता. त्या दिवसापासून आमच्या घरात अंडं आलं नाही, केकसुद्धा बिनअंड्याचाच.

हे सगळं मला पेन हातात असताना लख्ख आठवलं. आणि मी ‘नाही’वर खूण केली.

मनात म्हटलं, त्याला किती वर्षं झाली. म्हटलं, सुईत अंडं असून असून किती असणार. म्हटलं, तिचं तळं आहे, माझ्यामुळे जायला नको. म्हटलं, पाहून घेऊ. शेवटचं मात्र नेहमीच्या सुरात निघालं नाही.

ती परत आली, चष्मा लावला आणि फॉर्म वरून खालपर्यंत वाचला, उत्तरपत्रिका तपासल्यासारखा. त्या रकान्यावर थोडी थांबली. मी पंख्याकडे पाहत होतो. तिने सही केली. सही केली म्हणजे तिचीही तयारी आहे, असा अर्थ मी काढून टाकला. तेव्हा तो फार सोयीचा होता.

सिस्टरने कुपी फोडली. एकेकाला आत बोलावू लागले. नावं पुढे सरकत होती आणि मी मोजत होतो. पाच झाले. सहा. क्रेनवाला दंड चोळत बाहेर आला. आतली डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची होती, फॉर्म हातात असूनही प्रत्येकाला सगळं तोंडी विचारत होती. माझं टोचून झालं. बायको खुर्चीवर बसली, तेव्हा अंड्याचा प्रश्न आला आणि मीच बोललो, “नाही, तसं काही नाही.”

“त्यांना बोलू द्या,” डॉक्टरीण म्हणाली.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. घाबरून नाही. नवा रस्ता आला की वाट मला ठाऊक असणारच म्हणून गाडीत बसल्याजागी पाहते, तसं. मग म्हणाली, “नाही.”

सिस्टरने तिच्या दंडावर कापूस फिरवला. सुईत लस भरली, वर धरून हवा काढली. माझ्या कानात तो शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. मी पुढे होऊन सिस्टरचं मनगटच धरलं.

“थांबा. आहे. अंड्याची आहे. श्वास बंद होतो तिचा.”

डॉक्टरिणीने सुई ट्रेमध्ये ठेवायला लावली. मग मला जे सुनावलं, त्यातलं अर्धं मला ऐकूच आलं नाही. एवढं कळलं, की ही लस अंड्यात वाढवतात, आणि तसा त्रास झालेल्या माणसाला ॲलर्जीच्या तज्ज्ञाने तपासल्याशिवाय ती टोचत नाहीत. तपासणीला किती दिवस लागतील ते सांगता येणार नाही. लस न घेता जाऊ नका, असं तिने स्पष्ट सांगितलं.

म्हणजे शनिवार गेला.

लस घेतलेल्याला अर्धा तास तिथेच बसवतात. मी बाकावर बसलो, ती शेजारी. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने हातानेच थांबवलं.

“मी पाहिलं होतं तुम्ही ‘नाही’वर खूण केली ते,” ती म्हणाली. “मले वाटलं, तुम्ही कोण्या डॉक्टरले विचारून ठेवलं असन. एवढा भिंतभर तक्ता केला माणसानं, एवढं तं विचारलंच असन.”



सिस्टरने माझं पिवळं कार्ड आणून दिलं. मी हात पुढे केला, पण ते बायकोने घेतलं. माझं नाव, तारीख, शिक्का, सगळं वाचलं. किती दिवस चालतं हे, तिने सिस्टरला विचारलं. जन्मभर, सिस्टर म्हणाली.

“मग घाई काहीच नाही,” बायको म्हणाली आणि कार्ड स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. “हे माझ्यापाशी राहू द्या. त्या तिकीटवाल्याले फोन करा आणि खरं काय ते सांगा. समदं सांगा.”

ती उठली आणि एकटीच डॉक्टरिणीच्या दारात जाऊन उभी राहिली, ॲलर्जीचा तज्ज्ञ कोण आणि कुठे बसतो ते विचारायला. मीही उठायला गेलो.

“तुम्ही बसा,” ती मागे न पाहता म्हणाली, “अर्धा तास झाला नाही अजून.”