तेहतिसावी खुंटी

आमच्या घरात चोरी झाली, तेव्हा चोराचं नाव मला पाच मिनिटांत कळलं होतं.

माझे सासरे, म्हणजे अण्णा, रत्नागिरीहून यायचे होते. तरुणपणी त्यांनी फणसाच्या लाकडात स्वतः घडवलेला खुंट्यांचा खेळ आमच्याकडे असतो. एका खुंटीने दुसरीवरून उडी मारायची, ओलांडलेली काढून टाकायची, शेवटी एकच उरवायची. "आलो की डाव मांडू," असं ते फोनवर म्हणाले, म्हणून मी खेळ तपासला. (मी पाहुण्यांच्या चपलांचीही यादी ठेवते!) भोकं तेहतीस. खुंट्या बत्तीस!

आठवड्यापूर्वी तो खेळ शेजारच्या हंसाबेनच्या नातीने नेला होता. मी तडक त्यांच्या दारात.

"हंसाबेन, एक खुंटी आपके यहाँ रह गयी."

"अरे भाभी, जैसा लिया वैसा दिया!"

"गिन के दिया?"

"आपने गिन के दिया था?"

बघा! निरपराध माणूस असा उलट प्रश्न विचारतो का?

बिचारीने सोफा उलटा केला, कपाटाखाली झाडू फिरवला. तरी मी नातीच्या फ्रॉकचे खिसे चाचपलेच. त्या रविवारी त्यांच्याकडून नेहमीचा बारा तुकड्यांचा ढोकळा आला नाही. बारा वर्षांत पहिल्यांदाच! मी वहीत लिहिलं, 'मनात पाप असल्याचा पुरावा.'

"अगं, जाऊ दे ना एक खुंटी," आमचे हे म्हणाले. मी यांचंही नाव संशयितांत घातलं.

अण्णांना कळता कामा नये म्हणून जवळच्या काशीगावातल्या सुताराकडून नवी खुंटी करून आणली, चहात बुडवून जुनी केली आणि मधल्या रिकाम्या भोकात ठोकून बसवली.

अण्णांनी आल्या आल्या पट मांडीवर घेतला आणि बघतच राहिले.

"सूनबाई, ही मधली कुठून आली?"

"हरवली होती, अण्णा. ती हंसाबेन..."

"अगं, मधलं भोक रिकामंच ठेवायचं असतं! नाहीतर पहिली उडी मारणार कुठे?"

"मला कसं कळणार?"

"वीस वर्षं पुसतेयस हा पट. वाटलं, एकदा तरी खेळली असशील!"

खेळले नव्हते. मोजला मात्र होता.

मी खाली मान घालून हंसाबेनकडे गेले आणि सगळं कबूल केलं. त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या आणि ढोकळ्याची ताटली हातात ठेवली.

"लो भाभी. गिन के ले जाना!"

जिन्यातच तुकडे मोजले. अकरा. बारावा कुठे गेला, हे मी विचारलं नाही. (वहीत फक्त लिहून ठेवलंय!)