दोरीच्या अलीकडे

फोनवरचा आवाज मी आधी ओळखलाच नाही. "बाई, मी विलास... अक्का गेली सकाळी." बहिणीबद्दल सांगायला विलासनं फोन करावा, याचंच मला क्षणभर नवल वाटलं. त्या दोघांत बोलणं असं उरलंच नव्हतं. शालन कांबळे वाचणार नाही हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. तरी माणूस गेल्यावरच कळतं, की मनानं आपण ते ऐकून घेतलेलंच नव्हतं.

मुरगूडच्या शाळेत आम्ही एकदमच लागलो. मी मराठी शिकवायची, ती चित्रकला. कागलकडच्या एका खेड्यातल्या बौद्धवस्तीतली ही पोर बोर्डिंगात राहून शिकली आणि नोकरी लागल्यावर धाकट्या विलासला तिनंच आयटीआयला घातलं. तो पुढं शिरोलीच्या एका फौंड्रीत लागला. त्याचा पहिला पगार झाला तेव्हा शालननं सगळ्या स्टाफरूमला पेढे वाटले होते; स्वतःच्या नोकरीला वाटले नव्हते. बोलायला फटकळ. चित्र फसलं असेल तर "फसलंय" म्हणायची, पण कुठं फसलंय ते शेजारी बसून दाखवायची. पोरं तिला घाबरायची आणि मधल्या सुट्टीत तिच्याच टेबलाभोवती घुटमळायची.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जवळच्या एका गावच्या यात्रेत शोभेच्या दारूची स्पर्धा व्हायची. गावोगावची मंडळं यायची, महिना महिना खपून केलेली झाडं, चक्रं, धबधबे मैदानात पेटायचे आणि शेवटी नंबर कमिटीतल्या कुणाच्या तरी पावण्यांना जायचा. एका वर्षी निकालावरून दगडफेक झाली. तेव्हा कमिटीचे आण्णा शाळेत आले. "बाई, आमचा आमच्यावरच इस्वास ऱ्हायला न्हाई. तुमी भायेरच्या. या आनि निकाल द्या."

"येते," शालन म्हणाली, "पण नंबर का दिला ते मी माइकवर सगळ्यांसमोर सांगणार. चालेल?"

आण्णांनी मान डोलावली. माइक माझ्याकडे होता, त्यामुळं पुढचं सगळं मी जवळून पाहिलं. पाहुण्यांच्या स्टेजवर ती बसलीच नाही. लोकांत खुर्ची टाकून बसली. दुपारीच मैदानात फिरून तिनं माणसांच्या पुढं दोरी बांधून घेतली आणि सगळ्या मंडळांना उभं करून सांगितलं, "जळतं काहीही दोरीच्या अलीकडे, माणसांत पडलं, तर पहिला नंबर नाही. काम कितीही देखणं असू दे." एका मंडळाचा म्होरक्या साडी घेऊन आला, तर म्हणाली, "निकाल झाल्यावर द्या की, सगळ्यांच्या समोर." तो परत काही आला नाही. हरलेले विचारायला यायचे, तेव्हा ती त्यांचं काम त्यांनाच पुन्हा उभं करून दाखवायची, कुठला धबधबा अर्ध्यात तुटला, कुठलं चक्र फिरता फिरता अडलं. ती माणसं मान हलवत जायची. तिच्या पहिल्या दोन वर्षांत कुणी ब्र काढला नाही.

तिसऱ्या वर्षी विलासच्या वस्तीतल्या पोरांनी मंडळ काढलं. शालन तडक आण्णांकडे गेली. "माझा भाऊ उतरतोय. दुसरा परीक्षक बघा." आण्णांनी इतर मंडळांना विचारलं, तर सगळे म्हणाले, बाईच पाहिजेत. ती तयार झाली... व्हायला नको होतं, असं ती पुढं कितीदा तरी म्हणाली.

त्या संध्याकाळी विलासच्या पोरांनी पिंपळ पेटवला. फौंड्रीत काम करणारी पोरं ती, लोखंडाचा कीस दारूत कसा बोलतो हे त्यांना ठाऊक. आधी सोनेरी खोड उजळलं, मग फांद्या, आणि मग एकेक पान असं हिरवं-पांढरं सुटत गेलं, की शिट्ट्या मारणारं ते अख्खं मैदान गप्प झालं. वस्तीतल्या बायका रडत होत्या. त्या गावच्या यात्रेत त्यांच्या आयांना मैदानाच्या कडेलाच उभं राहावं लागलेलं. झाड विझता विझता शेवटचा बाण वर जायच्याऐवजी तिरका सुटला आणि दोरीपाशी पडला. धूर दाटला होता. कुणाला इजा झाली नाही. क्षणभरात तो विझलाही.

शालननं त्यांना दुसरा नंबर दिला.

माइकवर तिनं कारण सांगितलं. आवाज हलला नाही. विलास गर्दीतून तिच्यासमोर आला. "अक्का, दुसऱ्याचं असतं तर धूर हुता म्हनून सोडलं असतंस. तू त्या गाववाल्यास्नी भ्यालीस." एवढंच बोलला आणि गेला. वस्तीत बोललं जाऊ लागलं, की बाहेरच्यांनी नव्हे, आपल्याच लेकीनं मारलं. लग्नकार्यात बहीणभाऊ भेटत, पण दोन कोपऱ्यांत बसत. शालननं परीक्षकपण सोडलं ते कायमचं. शाळेतल्या रांगोळीचेसुद्धा नंबर काढायला ती कधी आली नाही.

कोल्हापुरात बदली झाल्यावर ती तिथंच राहिली. लग्न केलं नाही. आजारपणात मी तिला शेवटची भेटले, तेव्हा बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून तिनं एकदम विचारलं, "सुमन, तू माइकजवळ उभी होतीस. खरं सांग, तो बाण अलीकडे पडला की पलीकडे?" मी म्हणाले, "मला नाही गं दिसलं. धूरच होता." ती छताकडे बघत म्हणाली, "मलाही नीट नव्हतं दिसलं. अलीकडेच पडला असं वाटलं... पण ते वाटलं कशामुळं? माझा भाऊ होता म्हणून तर नाही? लोक काय म्हणतील म्हणून मी माझ्याच माणसांना जास्त कडक मापलं असेल, तर तोही अन्यायच की गं." तिला खोटं सांगून चाललं नसतं. मी तिचा हात धरून बसले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना झाली, माणसं पांगली, तेव्हा विलास माझ्याशेजारी येऊन बसला. केस पिकलेले, हातावर फौंड्रीचे जुने डाग. तिनं मला काय विचारलं होतं ते मी त्याला सांगितलं. त्यानं खाली मान घातली.

"अलीकडंच पडलं हुतं, बाई. चांगलं हातभर आत. मीच पळत जाऊन पायानं इजवलं. बांधनी माझीच सैल ऱ्हायलती."

"मग तिला सांगितलं का नाहीस रे?"

"त्या रात्री रागात हुतो. मग वस्तीतली समदी माझ्या बाजूनं बोलाय लागली, तवा तर तोंडच उघडंना. दवाखान्यात आलतो की दोनदा. म्हटलं, तिनं इषय काढला की सांगायचं. पन तिनं इचारलंच न्हाई. मला वाटलं, इसरली..."

तिनं विचारलं नाही, कारण भाऊ पुन्हा उठून जाईल याची तिला भीती होती. हे मला तिच्याच तोंडून ठाऊक होतं. त्याला सांगावं की नाही, मला कळेना. शेवटी सांगितलं नाही.

मग आम्ही तिच्या खोलीत गेलो. रविवारी गल्लीतली पोरं तिच्याकडे चित्रं काढायला येत. टेबलावर त्यांच्या चित्रांचा गठ्ठा होता, शेवटचा, न तपासलेला. प्रत्येक कागदाचा नावाचा कोपरा तिनं मागं दुमडून ठेवला होता. चित्र बघून होईपर्यंत ते कुणाचं आहे हे ती कधीच बघायची नाही. विलासनं वरचं एक उचललं. एक वाकडी विहीर होती, काठावर म्हैस. तो खूप वेळ बघत राहिला. त्याचं बोट दुमडलेल्या कोपऱ्यावर गेलं आणि तिथंच थांबलं.

"ब्येस काढलंय," तो म्हणाला, आणि कोपरा न उलगडता त्यानं चित्र होतं तसं गठ्ठ्यावर ठेवून दिलं.