संगीताने स्वतःच विचारलं

मैत्रिणींनो, आत्ताच नर्सिंग होममधून घरी आलेय आणि थेट कम्प्युटरसमोर बसलेय.

बेव्हर्ली पार्कमध्ये मी गरोदर बायकांसाठी बाळंतपणाच्या तयारीचा क्लास घेते, हे तुम्हाला माहीत आहे. त्यातली पेणकरपाड्याची संगीता आज सकाळी अ‍ॅडमिट झाली आणि तिने मला सोबतीला बोलावलं. क्लासमध्ये ती तीन महिने जवळजवळ गप्पच बसायची.

कळा वाढल्यावर सिस्टर म्हणाल्या, "गप पडून राहायचं." मी तिच्या वतीने बोलणार, इतक्यात संगीताच म्हणाली, "सिस्टर, बाळ ठीक आहे ना? मग मला थोडं चालू द्या. पडून जास्त दुखतंय."

सिस्टर डॉक्टरांना विचारून आल्या. "चाला, पण यांना धरून."

तासभर आम्ही पॅसेजमध्ये फेऱ्या मारल्या. कळ आली की ती माझ्या खांद्यावर डोकं टेकायची, मी तिची कंबर चोळायचे. दुपारी मुलगी झाली. दोघी छान आहेत.

बाहेर तिच्या सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "माजी चार बालंतपना झाली. पन असा इचारता येतं, ह्या मना कोनी सांगलाच न्हाय."

तुमच्या बाळंतपणाच्या वेळी तुम्हाला काय विचारायचं होतं? विचारलंत का?