शहाडच्या चाळीतलं कोरियन गाणं

केसांच्या रंगाचा उग्र वास आला की मला शहाडच्या आमच्या चाळीतली मोरी आठवते. मी अकरावीत होते. माझी लाडकी कोरियन गायिका तेव्हा पहिल्यांदाच मालिकेत काम करत होती आणि ‘हिला कुठे अभिनय येतो’ म्हणून लोक तिची टिंगल करायचे. भूमिकेसाठी तिने केस लाल केले, म्हणून मीही मोरीत बसून आईकडून लाल करून घेतले आणि चाळीच्या कार्यक्रमात तिचं गाणं म्हणायला उभी राहिले. मंडळाच्या काकांनी दुसऱ्याच ओळीला साउंड बंद केला. “हे चिनी-बिनी नको गं. मराठी म्हण, नाहीतर उतर खाली.” “चिनी नाही काका, कोरियन आहे. आणि मी उतरणार नाही,” असं म्हणून मी माइकशिवाय गात राहिले. लोक हसत होते. काका आईकडे वळले, “ताई, तुम्हाला तरी कळतंय का ती काय म्हणतेय?” आई उठून उभी राहिली. “एक अक्षर कळत नाही. पण तिचं गाणं संपलेलं नाही अजून. तुम्ही बसा खाली.” मी गाणं शेवटपर्यंत म्हटलं. ती गायिका पुढे नटी म्हणूनही गाजली. मी आता घोडबंदर रोडवर कोरियन शिकवते, आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलीला उभं राहून मोठ्याने बोलायला लावते.