चमचाभर विरजण

शेजारच्या नलूताई वाटी घेऊन दारात आल्या. “थोडं विरजण देता का? ह्यांचा ताप उतरत नाहीये. तिसरं औषध चालू आहे. डॉक्टर म्हणाले, ताक-भात द्या.”

मी दह्यात चमचा घातला आणि हात थबकला.

माझी भाची जिवाणूंचा अभ्यास करते. गेल्या महिन्यात तिने आमचंच दही तपासायला नेलं. काचेच्या बशीत त्यातले जिवाणू वाढवले आणि वर जंतू मारणाऱ्या औषधांच्या टिकल्या ठेवल्या. औषधाने जिवाणू मेले की टिकलीभोवती स्वच्छ कडं उमटतं म्हणे. एका टिकलीभोवती ते उमटलंच नाही. “मावशी, दही वाईट नाही गं,” ती म्हणाली, “पण त्या औषधाला दाद न देण्याचा गुण ह्या जिवाणूंच्या जनुकांतच आहे. पोटात गेल्यावर हे जिवाणू तो गुण एखाद्या रोगाच्या जंतूलाही देऊ शकतात.”

तेव्हापासून त्या पांढऱ्या, निमूट दह्याची मला भीती वाटते. चमचाभर दही पातेलंभर दुधाला एका रात्रीत आपल्यासारखं करून टाकतं. इतकी वर्षं मी ते कौतुकाने वाटत आले. आणि दहीच कशाला, बरं वाटलं की उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यासुद्धा वाटल्या.

शेवटी मी वाटीत विरजण घातलं. नलूताईंनी ती पदराखाली झाकली.

“मागे तुम्ही दिलेल्या गोळ्याच आधी दिल्या होत्या ह्यांना. दोन दिवसांत बरं वाटलं, म्हणून थांबवल्या, तर ताप परत आला.” जाता जाता त्या वळल्या. “उरलेल्या जपून ठेवल्यात. तुम्हाला लागल्या तर सांगा हं.”