मी त्याला ओळखत होतो

आठ वर्षं हे मी कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. विषय निघाला की उठून गोठ्यात जायचो. आता बाहत्तरी गाठली आहे, आणि माझ्या सहीचा एक खोटा कागद अजून पोलिसांकडे पडून आहे. म्हणून लिहितो.

"हात वर करा, बाबा."

शाळेच्या फाटकात, सकाळी, मुलं रांगेने आत येत असताना एक सफारीतला माणूस मला हे म्हणाला. वारूळवाडीच्या बाजूला ती खाजगी शाळा, आणि मी त्या फाटकाचा अकरा वर्षांचा वॉचमन. मुलं मला आजोबा म्हणायची. त्यांच्यासमोर त्याने माझ्या बगला चाचपल्या, कंबर चाचपली, बूट काढायला लावले. डबा उघडला. भाकरी मोडून आत बघितलं आणि तुकडे तसेच परत टाकले.

एका मुलीने मैत्रिणीला विचारलं, "आजोबांनी काय चोरलं?"

मी बूट घातले आणि फाटक उघडलं.

त्या वर्षी एका बड्या घराण्याचा नातू आमच्या शाळेत आला होता. सफारीवाला त्यांच्या रक्षकांचा साहेब. घराण्याला धमकी आली होती म्हणे. असेलही. सात वर्षांच्या पोराच्या जिवाची भीती कोणालाही वाटेल, ती मी खोटी म्हणत नाही. पण अंगझडती झाली ती स्वयंपाकाच्या बायांची, गाड्यांवरच्या क्लीनरची आणि माझी. पालकांच्या मोटारींची डिकी कोणी उघडली नाही.

माझा भाचा धोंडू शेजारच्या द्राक्षबागेत कामाला होता. थोरल्या बहिणीचा मुलगा. आम्ही वरच्या डोंगरातली माणसं, नाचणी-भात करणारी. तो पोटासाठी खाली आलेला. त्याची सुमी आमच्याच शाळेत तिसरीत, मोफत जागेवर. फॉर्म मीच भरला होता. नातं मात्र शाळेत सांगितलं नव्हतं. वॉचमनच्या नात्यातली पोर म्हणून कोणी नाक मुरडू नये, असं तेव्हा मनाला सांगितलं होतं.

डोंगरातल्या माणसाच्या कमरेला मागे लाकडी आकडी असते आणि तिच्यात कोयता. सकाळी लुगड्याचा पदर खोचावा तशी ती बांधली जाते; मग माणूस बाजारात जावो नाहीतर लग्नाला, कोयता आहे हे त्याच्या ध्यानातही नसतं. धोंडू सुमीला घ्यायला यायचा तेव्हा मी हात पुढे करायचो, तो न बोलता कोयता द्यायचा, मी फाटकाजवळच्या माझ्या खोलीतल्या खिळ्याला अडकवायचो. कधी म्हणायचा, "मामा, धार बघा, दाढी करा आज."

झडतीनंतर तिसऱ्या दिवशी शाळेतून त्याला फोन गेला. पोरीला लई ताप आहे, घेऊन जा. तो बागेतून तसाच पळत आला. नेमक्या त्याच वेळी त्या घराण्याच्या दोन गाड्या फाटकात शिरत होत्या. नवा नियम असा, की गाड्या आत जाईपर्यंत पालकांनी रस्त्यापलीकडे थांबायचं. धोंडूला हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

मी हात पुढे करायच्या आत रक्षकांनी त्याला पाडलं. तोंड चिखलात. पाठीवर गुडघा. कोयता हिसकून एकाने उंच धरला.

साहेबाने मला विचारलं, "ओळखतो याला?"

धोंडूच्या लग्नात मामा म्हणून मी त्याच्या पाठीमागे उभा होतो. त्याच खांद्यांवर हात ठेवून.

मी म्हणालो, "नाही."

धोंडूने मान वळवली. माझ्याकडे बघितलं. मग चिखलातूनच बोलला, "बराबर हाय सायेब. त्ये मला वळखत न्हाईत."

त्याने माझी नोकरी वाचवली. तेवढ्यात शिपाईबाई सुमीला हाताला धरून पायऱ्यांवर घेऊन आली होती. पोरीने सगळं ऐकलं.

त्याला चौकीत संध्याकाळपर्यंत बसवून सोडलं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका बाईंनी माझ्यापुढे कागद ठेवला. 'अनोळखी इसमाने शस्त्रासह शाळेत घुसण्याचा प्रयत्न केला.' मी दोनदा वाचला. शाळेनेच फोन करून बोलावलेला बाप त्यात अनोळखी झाला होता. त्या म्हणाल्या, "सुरक्षेचा प्रश्न आहे, तुम्ही समजून घ्या." मी सही केली. तो कागद पोलिसांकडे गेला, आणि त्याच्याच आधारावर सुमीचं नाव शाळेतून काढलं. आठवड्यात धोंडू बिऱ्हाड घेऊन डोंगरात गेला.

मग बाईंच्या खोलीत, त्यांच्यासमोर, साहेबाने माझी पाठ थोपटून मला एक कोरी वही दिली. मोफत जागेवरच्या मुलांचे बाप कोण, कुठल्या गावचे, कमरेला काय बांधतात, कोणाकडे येतात-जातात, सगळं लिहायचं.

"तुम्हीच त्यांना बरोबर ओळखाल," तो म्हणाला.

तेव्हा मला कळलं की मी कोणाच्या फाटकावर उभा आहे. माझी भाकरी मोडली तेव्हा कळायला हवं होतं. धोंडू चिखलात होता तेव्हा तर नक्कीच. मी वही टेबलावर ठेवली. टोपी काढून वहीवर ठेवली.

"लिहिणार नाही."

"का?"

"ती माझी माणसं आहेत. त्या दिवशीचा तो माझा भाचा."

बाई म्हणाल्या, "मग तेव्हा का नाही बोललात?"

मी घरी आलो. कागद मात्र पोलिसांकडेच राहिला, आणि तो रद्द करायला मी आठ वर्षं गेलो नाही. लोक म्हणतात म्हाताऱ्याने बाणेदारपणे नोकरी सोडली. मी ते खोडून काढलं नाही.

धोंडूकडे तीनदा गेलो. त्याने चहा दिला, मामा म्हणाला, भाताचं बोलला. मीही भाताचंच बोललो.

मागच्या महिन्यात आळेफाट्याला एसटीची वाट बघत होतो. एक मुलगी जवळ आली. दप्तर, दोन वेण्या. आश्रमशाळेतून घरी निघालेली सुमी. पाया पडली. मग सरळ उभी राहून म्हणाली, "आजा, येक इचारू? त्या दिशी तुमी आमच्या बाला खरंच वळखलं न्हाई का?"

तिच्या बापाने तिला आठ वर्षं हेच सांगितलं असणार. गर्दी होती, गडबड होती, मामाला दिसलं नाही. ती मला सुटायला जागा देत होती.

समोर नाशिकची गाडी लागली होती. मला जुन्नरला जायचं होतं. मी नाशिकच्या गाडीत चढलो.

सोमवारी पोलिसांकडे जाऊन जबाब देणार आहे. तो इसम अनोळखी नव्हता, तो माझा भाचा, कोयता त्याच्या रोजच्या कामाचा, आणि खोट्या कागदावर सही मी जाणूनबुजून केली. काय कारवाई व्हायची ती माझ्यावर होऊ दे. त्याची एक प्रत शाळेला देणार, एक त्या घराण्याच्या दारात.

तिसरी प्रत सुमीची. ती टपालाने पाठवणार नाही. तिच्यासमोर उभं राहून मला म्हणायचं आहे, ओळखलं होतं पोरी, पहिल्या नजरेला ओळखलं होतं, मला माफ कर. कालही तिच्या वाडीच्या थांब्यावर उतरलो होतो. तिथूनच परत आलो.